असू दे, राहू दे

कोर्टातल्या स्टेनोबाईंच्या नोकरीला सव्वीस वर्षं झाली होती, आणि निवृत्तीला चार महिने उरले होते. साक्षीदार बोलायचा, न्यायाधीश ते नीट वाक्यात सांगायचे, बाई आधी लघुलिपीत उतरवून मग टाइप करायच्या. त्यांच्या कागदात चूक सापडत नाही, अशी ख्याती होती.

खटला औषधांच्या दुकानातल्या मुलीचा होता. मालकाने मागच्या गोदामात तिच्यावर बळजबरी केली, असा आरोप. मालक म्हणत होता, तिची संमती होती. शेवटच्या युक्तिवादाला आरोपीचे वकील उठले आणि मुलीची साक्ष वाचू लागले.

"ही स्वतः सांगते, ‘त्यांनी हात धरला तेव्हा मी म्हणाले, असू दे ना.’ असू दे म्हणजे काय, साहेब? चालेल! नको म्हणायला हिच्या तोंडाला कुलूप होतं का?"

ती मुलगी ‘असू दे’ म्हणालीच नव्हती. तिचा खाली गेलेला आवाज त्यांच्या कानात अजून होता.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी कपाटातून जुनी वही काढली. लघुलिपीत स्वच्छ लिहिलं होतं: राहू दे ना. टाइप करताना त्यांच्याच हातून ‘असू दे’ पडलं होतं. साक्ष वाचून दाखवली तेव्हा ती मुलगी इतकी थकली होती की तिने न ऐकताच सही ठोकली असावी.

संध्याकाळी घरी नणंदेला सगळं सांगितलं, उद्या न्यायाधीशांपुढे वही ठेवणार हेही. दोघींनी एकाच घरात बावीस वर्षं काढली होती.

"वहिनी, कशाला आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतेस? चार महिन्यांचा तर प्रश्न. आणि एका शब्दानं असं काय बिघडतं?"

"कुणी दुसऱ्यांदा भात वाढायला आलं की तुम्ही काय म्हणता, वन्सं?"

"राहू दे म्हणते."

"आणि तरी वाढला तर?"

नणंदेने ओट्यावरचं भांडं झाकलं. मग हळूच म्हणाली, "पेन्शन अडवणार नाहीत ना गं?"

हे बाईंनाही ठाऊक नव्हतं. सकाळी चहा तसाच ठेवून त्या कोर्टात गेल्या. न्यायाधीशांच्या दालनाबाहेर त्या दोनदा येऊन परत गेल्या. तिसऱ्यांदा शिपायानेच दार उघडलं.

"साहेब, चूक माझी आहे," म्हणत त्यांनी वही पुढे ठेवली.

साहेबांनी चष्मा काढला. "आता तिला परत बोलवावं लागेल," एवढंच म्हणाले.

आठ दिवसांनी ती मुलगी पुन्हा पिंजऱ्यात उभी राहिली. तिने दोन्ही हातांनी कठडा धरला होता. आरोपीच्या वकिलांनी तिला पुन्हा सगळं विचारलं.

"राहू दे ना, असं म्हणाले मी. ओरडले नाही. ते माझे मालक होते, शटर खाली होतं. आणखी कसं सांगायचं?"

बाहेर पडताना ती बाईंपुढे थांबली. "तुमच्यामुळे हे सगळं मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं."

बाईंनी माफी मागायला तोंड उघडलं, पण ती जिना उतरून गेलीही होती.

निकाल उतरवून घ्यायचं काम बाईंकडेच आलं. शब्द सांगताना साहेब मध्येच थांबत, खिडकीबाहेर बघत. "‘राहू दे’ हा आपल्या रोजच्या बोलण्यातला नकारच आहे. पण साक्षीदार ‘असू दे’ म्हणाली असती, किंवा काहीच बोलली नसती, तरी त्यावरून संमती गृहीत धरता आली नसती. बंद दाराआड मालकापुढे गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे. होकार आरोपीने विचारला होता का, आणि तो मनापासून मिळाला होता का, हे न्यायालय पाहतं. इथे त्याने विचारलंच नव्हतं." मालक दोषी ठरला.

बाईंना लेखी ताकीद मिळाली. तिची नोंद सेवापुस्तकात झाली, पेन्शनला धक्का लागला नाही. पण त्या दिवशी तो निकाल टाइप करताना त्या प्रत्येक ओळ पट्टी ठेवून वाचत होत्या.

"झालं का, बाई?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब. अजून एकदा बघते."