सुटा दोरा

कॉलेजच्या लॅबमध्ये मी झाडलोट करते. तिथले सर नायलॉनच्या दोऱ्याचे स्नायू बनवतात. मोटरीवर इतका पीळ द्यायचा की दोऱ्याची स्प्रिंग होते. मग भट्टीत तापवून पीळ पक्का करायचा. असा दोरा पुढं गरम केला की आखडतो, निवला की सैल पडतो. हे दोरे हातमोज्यावर शिवले की लुळी बोटं उघडतील, असं सर सांगतात. सांगायला त्यांना फार आवडतं.

माझ्या नवऱ्याचा उजवा हात अर्धांगवायूनं गेलाय. लॅब बघायला येणाऱ्या पाहुण्यांना मोजा दाखवायला सरांना असाच हात हवा होता. यांनी आठवडाभर आधी शर्टाला इस्त्री करून घेतली.

लग्नाआधी मी टॉवेलचं सूत पिळायच्या कारखान्यात होते. बॉबिनवर गच्च धरलेलं सूतच तिथं वाफेवर जायचं. सुटं गेलं तर पीळ पळतो, हे पोरींना पहिल्या दिवशी कळायचं. सर दोरे सुटेच भट्टीत टाकत होते. मला चारचौघांत बोलता येत नाही, तरी केरसुणी हातात धरूनच म्हटलं, टोकं बांधा. ते विद्यार्थ्यांकडं बघून हसले.

"मावशी, हे टॉवेलचं सूत नाही."

पाहुण्यांसमोर मोजा तापला. बोटं हलली नाहीत. दोरे केसांसारखे मोकळे झाले होते. सर कोटाची बाही सारखी करत म्हणाले, पेशंटचा हात फार ताठर आहे. एवढं शिकून माणूस खोटं बोलला, तेही इतकं हलकं.

नवी पेठ आली तेव्हा रिक्षात यांनी डाव्या हातानं उजवा हात मांडीवर ओढून घेतला. मग म्हणाले, "माझाच हात वाईट हाय."

दुसऱ्या दिवशी सर जेवायला गेल्यावर मी एका दोऱ्याला पीळ दिला, दोन्ही टोकं सळईला बांधली आणि भट्टीत ठेवला. घरी आणून खुंटीला टांगला, खाली कुलूप अडकवलं. कुलूप गरगरू नये म्हणून त्यात काडी घालून भिंतीला टेकवली. वरून कढत पाणी ओतलं. कुलूप दोन बोटं वर चढलं.

"बघा. हात न्हाय वाईट. दोरा वाईट होता."

यांनी पुढं सरकून कुलूप चाचपलं. सरांना सांगितलंस का, असं विचारलं. मी नाही म्हणाले. त्या माणसाला आता तोंडानं काही सांगायची माझी इच्छा नाही.

दोरा निवून कुलूप खाली आलं होतं. यांनी डाव्या हातानं तांब्या माझ्याकडं सरकवला.

"परत वत की."