मखमलीच्या कडेचे टाके

आमच्या प्रयोगशाळेत मावशी आल्या त्या पडदे शिवायला. दिव्याच्या खोलीला जाड काळे पडदे हवे होते, म्हणून कोपऱ्यावरच्या शिलाईच्या दुकानातून त्यांना बोलावलं. पडदे दोन दिवसांत झाले. निघताना त्यांना टेबलावर मखमलीचे चौकोनी तुकडे दिसले, कडांचे धागे सुटलेले. "कापडाचे असे हाल कोण करतं?" असं म्हणत त्या पुन्हा खुर्चीवर बसल्या, त्या सव्वीस वर्षं उठल्या नाहीत. मी आले तेव्हा सगळे त्यांना समोर मावशी म्हणत आणि मागून मखमल.

मखमल आम्हाला छाप घ्यायला लागते. थाळीतल्या जेलीसारख्या थरावर यीस्टचे ठिपके वाढतात. एकेक ठिपका म्हणजे एका पेशीची अख्खी प्रजा. लाकडी ठोकळ्यावर मखमल ताणायची, थाळी तिच्यावर पालथी दाबायची, मग त्याच मखमलीवर कोरी थाळी दाबायची. ठिपके जसेच्या तसे उतरतात. पुढच्या जोडीला दुसरी, उकळून घेतलेली मखमल. ही छाप मी अतिनील दिव्याखाली ठेवत असे. त्या किरणांनी पेशीतल्या डीएनएला इजा होते. एकीच्या दोन होण्याआधी पेशी आपल्या डीएनएची नक्कल काढते, आणि धडधाकट पेशी इजा दिसली की तिथेच थांबते. बिघडलेला तुकडा कापून टाकते, डीएनएच्या जोडीतल्या दुसऱ्या धाग्याकडे बघून नवा भरते, मगच पुढे जाते. मला हवी होती ती हे न जमणारी. ती दिव्याखाली मरते, मूळ थाळीत मात्र जिवंत असते. तिचं काय बिघडलंय ते कळलं, की बाकीच्यांचं कशामुळे निभावतं तेही कळतं.

दोन वर्षं ती मला सापडली नव्हती. महिनाअखेरपर्यंत एक तरी दाखव, नाहीतर जागा मोकळी कर, असं माझ्या मार्गदर्शक सरांनी सांगितलं होतं. सर वाईट नव्हते. त्यांची वाक्यं तेवढी तशी असत.

मी घाई फार करते, असं मावशींचं मत होतं. "बुडावर लिहावं पोरी, झाकणावर नाही. झाकण आज हिचं, उद्या तिचं." मी हो म्हणायचे आणि झाकणावर लिहायचे, कारण बुडावर लिहायला थाळी उलटी करावी लागते. त्यांच्या मखमलीलाही मी हसत असे. प्रत्येक तुकड्याच्या कडेला त्या जाड दोऱ्याचा टाका घालत, दर तुकड्याला वेगळा. कुठे फुली, कुठे साखळी, कुठे तीन गाठी.

"मावशी, माझं नावही भरा की एकावर," मी एकदा म्हणाले.

"तुझं नाव तू आधी बुडावर घाल," त्या म्हणाल्या.

अतिनील किरण प्लास्टिकच्या झाकणातून जात नाहीत, म्हणून दिव्याखाली झाकणं काढावी लागतात. हे मी स्वतः नव्या मुलांना शिकवत होते. त्या मंगळवारी मी चाळीस थाळ्यांची झाकणं काढली, एकावर एक रचली, दिवा लावला, वेळ मोजली, झाकणं लावली आणि घरी गेले. दोन दिवसांनी ठिपके वाढल्यावर सात नंबरची जोडी ताडायला घेतली. मूळ थाळी आणि छाप, दोघी एकमेकींच्या कुणीच नव्हत्या. आठ नंबरचंही तेच. नंबर होते झाकणांवर, आणि झाकणं मी भलत्याच थाळ्यांना लावली होती.

तीनशे ठिपक्यांतला एक नाही, हे छापेकडे नुसतं बघून कळत नाही. त्यासाठी जोडीची थाळी शेजारी लागते. नजरेने जुळवायला बसले, पण चाळीसांतली कुठली कुणाची, आणि गोल थाळी फिरवायची तरी किती? मूळ थाळ्यांवर बुरशीही धरायला लागली होती. उद्यापर्यंत सगळ्या गेल्या असत्या. दुपारी चारला मी सरळ रडत होते, तेव्हा मावशी उकळलेल्या मखमली वाळत घालायला आल्या.

"काय झालं?"

"झाकणं," मी म्हणाले.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. आता 'मी सांगितलं होतं' येणार म्हणून मी मान खाली घातली. ते आलं नाही. त्यांनी एक थाळी उचलून खिडकीच्या उजेडात तिरपी धरली.

"ही साखळी," त्या म्हणाल्या.

मला काही दिसेना. मग दिसली. ठिपक्यांच्या बाहेर, थराच्या कडेला, दोऱ्याने दाबलेली बारीक खूण. एका मखमलीवर दोघी दाबलेल्या, म्हणजे दोघींवर एकच टाका, आणि तोही एकाच बाजूला.

"दुकानात सारखे कपडे आले की आम्ही असंच करायचो," त्या म्हणाल्या.

"मग सांगितलं का नाही कधी?"

"तू विचारलंस? हसलीस तेवढी."

त्या खुणा वाचत गेल्या, मी जोड्या लावत गेले. सहा वाजेपर्यंत अडतीस जुळल्या. दोन मी इतक्या वाकड्या दाबल्या होत्या की त्यांच्यापुढे मावशींनीही हात टेकले. तीन गाठींच्या जोडीत, मूळ थाळीवर जिथे गुबगुबीत पांढरा ठिपका होता, तिथे छापेवर काहीच नव्हतं. मी तो ठिपका काडीने उचलला. पुन्हा वाढवला, दोनदा दिव्याखाली धरला, दोन्ही वेळा मेला. सर दोन्ही थाळ्या शेजारी धरून बघत म्हणाले, "बरं. पुढच्या वर्षाचा अर्ज भरून टाक." मी इतकी खूश कधीच झाले नव्हते.

मावशींना सांगायला गेले तर त्या म्हणाल्या, "सापडली म्हणजे नेमकं काय सापडलं?"

"स्वतःची दुरुस्ती करता न येणारी पेशी. साध्या उन्हातही मरायची ती."

दुसऱ्या दिवशी फ्रिज उघडला, तर ती पेशी जपून ठेवलेल्या माझ्या काचेच्या नळीला काळ्या कापडाची पिशवी होती. पडद्यांचं उरलेलं कापड. कडेला तीन गाठी. नळी बाहेर काढली, तर बुडावर मावशींच्या अक्षरात नंबर.

"एवढं कशाला केलंत?" मी विचारलं.

"तिचं तिला जमत नाही ना," मावशी सुईत दोरा ओवत म्हणाल्या. "मग बाहेरून कुणी बघायला नको?"