पेरलेली तलवार

वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस बिनकामाचा आणि एक दिवस साऱ्या मुलखाचा राजा, असा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा धाकटा दीर निघाला. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. कोणाची उगाच स्तुती करायची मला सवय नाही. भाऊजींची वांगी कधी किडीतून सुटली नाहीत. बैल त्यांचं ऐकत नसत. जवळच्या गुडीहत्नूर गावच्या बाजारात भाजी घेऊन बसले, की गिऱ्हाइकाने भाव विचारायच्या आत त्याच्या पिशवीत चार मिरच्या फुकट टाकून मोकळे. पण ज्वारीची मळणी आटोपली, खळं सारवून झालं, की त्याच खळ्यावर उन्हं कलताना गावाचं नाटक होतं आणि त्यात हा माणूस राजा होतो. तरुणपणापासून तोच राजा. दात गेले तरी राजा तोच.

नाटकाच्या आधी महिनाभर त्यांच्या अंगात राजा यायला लागायचा आणि घरादाराला त्याचा ताप व्हायचा. राजा डोक्यावर भारा घेत नाही, म्हणून चारा आम्ही बायकांनी आणायचा. राजा उकिडवा बसत नाही, म्हणून ते भाकरी खायलाही उभेच. आमच्याकडे बसचे कंडक्टर तेलुगू बोलणारे. एकदा बसमध्ये एक कंडक्टर म्हणाला, "तात, जरुगु," म्हणजे आजोबा, पुढे सरका. भाऊजी हलले नाहीत. म्हणाले, "राजा सरकत नसते. दरबार सरकते." बस तशीच उभी राहिली आणि खरोखर मागची माणसं सरकली. माझी जाऊ मात्र या राज्याला कधी भुलली नाही. ती म्हणायची, "राजा म्हून नाई लगीन केलं म्या यायच्याशी. भाजीवाला म्हून केलं, अन् तेही धड नाई निघाले." यावर भाऊजी मान वळवून, राणी रागावली की राजे जसे गप्प बसत असतील तसे गप्प बसायचे.

हा राजा कोणाच्या डोक्यातून निघालेला नाही. आमच्या भागात पूर्वी गोंड राजे होते. त्यांचे किल्ले पडके का होईना, उभे आहेत. त्यांतल्याच एकाची गोष्ट आमच्या आजेसासऱ्यांनी ऐकली आणि वहीत नाटक म्हणून उतरवली. वहीतला शेवट असा : दिल्लीची फौज गावाला वेढा घालते, सरदार म्हणतो तलवार दे, नाहीतर गाव जाळतो. राजा मान खाली घालून तलवार देतो. गाव वाचतं, नाटक संपतं. लोक अंग झाडून उठायचे आणि घरी जायचे. हरलेल्या राजाचं कौतुक कोण करणार?

मग एका वर्षी माझ्या हातून चूक झाली. नाटकातली तलवार म्हणजे कापसाच्या गाठीला बांधतात ती लोखंडी पट्टी, घासून चकचकीत केलेली. नाटकाच्या दिवशी सकाळी गोठ्याचं दार निखळलं. मला ती पट्टी कोपऱ्यात दिसली, मी ती दोन ठिकाणी वाकवली आणि दार आवळून टाकलं. तलवार म्हणून ती माझ्या ध्यानातच आली नाही. लोखंड दिसलं, कामाला लावलं. संध्याकाळी सरदार खळ्यावर गरजला, "तलवार दे." भाऊजींनी कमरेला हात घातला तर म्यान रिकामं. मी बायकांत बसले होते. तेव्हा कुठे मला गोठ्याचं दार आठवलं. भाऊजींनी म्यानावरून हात काढला, सरदाराकडे पाहिलं आणि म्हणाले, "तलवार तुले नाई भेटत. ते म्या मातीत पेरली. आता या मातीतून जो उगवन, तो तलवार घेऊनच उगवन." आणि कुठेतरी दाखवायचं म्हणून पूर्वेकडे हात केला.

सारं खळं उभं राहिलं. म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांना पाणी. माझ्यासुद्धा अंगावर काटा आला, आणि तलवार गोठ्याच्या दाराला आहे हे साऱ्या गावात मला एकटीला माहीत होतं.

पूर्वेकडे आमच्याच शेताचा बांध लागतो. तिथे एक दगड होता, आमचे मालक त्यावर विळे घासायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दगडाला कुंकू लागलेलं. त्या वर्षापासून नाटकाचा शेवटही तोच झाला. पुढच्या पेरणीला कोणीतरी सरकीची मूठ तिथे ठेवली, तलवार उगवेल तशी सरकी उगवू दे म्हणून. आता पाच-सहा गावांचे शेतकरी तिथे मूठ ठेवल्याशिवाय तिफण धरत नाहीत. मालकांना विळे घासायला दुसरा दगड शोधावा लागला. नव्या सुना मला ती जागा दाखवतात आणि राजाने तिथेच तलवार पेरली असं मलाच समजावून सांगतात. मी हो म्हणते. बांधावरच्या दगडाचं एवढं होईल असं कोणाला वाटलं होतं?

मागच्या वर्षी बोथ गावचे एक म्हातारे मास्तर आले. जुन्या गोष्टी गोळा करायचा त्यांना नाद. त्यांनी आजेसासऱ्यांची वही वाचली आणि सांगितलं, की वहीतलंच खरं दिसतं. जुन्या पुस्तकांतही तो राजा तलवार देऊन गाव राखतो, पेरल्याचं कुठेच नाही. मास्तर चहा पिऊन गेले. भाऊजींचं मात्र त्या दिवसापासून जेवणावरचं मन उडालं. त्यात छातीचं दुखणं. पुढच्या वर्षी खळ्यावर उभं राहवेल याची खात्री नव्हती. एक दिवस वांगी खुडता खुडता म्हणाले, "वहिनी, त्या राजानं लोकाईसाठी मान वाकवली. तेवढं एकच मोठं काम त्याच्या हातून झालं होतं, अन् म्या तेच पुसून टाकलं."

मी म्हटलं, "तुमी काऊन? पट्टी तर म्या नेली होती."

"पट्टी तुमी नेली. तोंड त माहं होतं. औंदा तलवार देतो."

गावाला हे कळलं तेव्हा कोणी हसलं, कोणी रागावलं. सरदाराचं काम करणारा किराणा दुकानदार घरी येऊन हात जोडून बसला. म्हणाला, "काका, तुमी देसान, पण घेऊ कसा मी? लोक माह्या दुकानाची पायरी नाई चढणार." भाऊजी म्हणाले, "तू घे. पाप मले." त्या वर्षीची तलवार मी स्वतः घासून दिली आणि दुपारपर्यंत मांडीवरून हलू दिली नाही.

खळ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. सरदार गरजला, पण निम्म्याच आवाजात. भाऊजींनी म्यानातून तलवार काढली, दोन्ही तळव्यांवर आडवी धरली आणि मान खाली घातली. पहिल्यांदा कोणाला काही समजेना. मग बायकांतून एक म्हातारी बोलली, "राजा, तलवार त पेरली ना तुमी?" लगेच चारी बाजूंनी तेच. पेरली, पेरली. दुकानदाराने पुढे केलेले हात मागे घेतले. त्यानेही त्या दगडाशी सरकीची मूठ ठेवलेली होती.

भाऊजी तसेच उभे. हात थरथरत होते, छाती वरखाली होत होती. मला वाटलं, आता हा माणूस पडतो. जाऊबाई उठायला लागली, मी तिचा पदर धरून ठेवला. मग भाऊजींनी मान वर केली. आवाज मोठा नव्हता, पण मागच्या गाड्यावर बसलेल्यांपर्यंत गेला.

"तुमी सारे जित्ते आहा ना? लेकरंबाळं हायेत, घरं उभी हायेत?"

त्या म्हातारीने हो म्हणून मान हलवली.

"मंग दिली असन म्या."

लोकांनी आपल्या शेजारच्यांकडे, मांडीवरच्या पोरांकडे पाहिलं. दुकानदार पुढे आला, गुडघ्यावर बसला आणि त्याने, जिंकलेल्या माणसाने घ्यावी तशी नाही, प्रसाद घ्यावा तशी ती तलवार ओंजळीत घेतली. टाळी एकही वाजली नाही. लोक उठायलाच तयार नव्हते.

भाऊजी आता ओसरीवर पडून असतात. खळ्यावरचं काम दुसऱ्या कोणाला द्या म्हणतात. दगडाला सरकी जाते ती जातेच, कोणी ती बंद केली नाही. अर्धं गाव म्हणतं राजाने तलवार दिली, अर्धं म्हणतं पेरली, आणि काहीजण दोन्ही म्हणतात व त्यात त्यांना अडचण वाटत नाही. परवा माहेरकडची एक पोरगी मला विचारत होती, की आजी, तुमच्या गावच्या राजाची गोष्ट काय आहे? पट्टी मी वाकवली, भाऊजींची वांगी मी पाहिली, हे सगळं मला सांगता आलं असतं. मी खोटं बोलत नाही. पण तोंड उघडलं तर भाऊजींचं नाव काही येईना. मी म्हटलं, "राजा थरथरत उभा होता, बाई. अन् राजानं लोकाईले इचारलं, तुमी सारे जित्ते आहा ना?"