गुलाबाचा बेसल डोस

पाथर्डी फाट्याजवळच्या रो-हाउसमध्ये राहायला गेलो, तेव्हा पुढच्या अंगणात आधीच्या मालकाने लावलेली पांढरी कण्हेर होती. आमची कुत्री वर्षाची होती आणि दिसेल ते चावून पाहत होती. कण्हेरीच्या पानाने कुत्र्याचं हृदय बंद पडू शकतं, हे कळल्यापासून बायको तिला साखळीशिवाय बाहेर सोडत नव्हती. पहिल्याच रविवारी कण्हेर मुळासकट काढली. सोमवारी महादेवाला फुलं कुठली आणायची, असं वडिलांनी विचारलं. शेजारून आणू, म्हणालो.

वडील निफाडकडची द्राक्षबाग थोरल्या भावाच्या हाती देऊन आमच्याकडे आले होते. अंगणात मांडव घालून एक द्राक्षवेल चढवायची, एवढीच त्यांची मागणी होती. द्राक्षं खाऊन कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, हे मी त्यांना सांगितलं. 

"म्हणजे जन्मभर मी इखच पिकवलं म्हण की."

वेल आली नाही. प्रत्येक रोपाबद्दल जनावरांच्या डॉक्टरांना विचारून शेवटी जास्वंद, जुई आणि गुलाब लावले. साखळी निघाली. तरी कुत्री झाडांमागे दिसेनाशी झाली की बायको हातातलं काम टाकून उठायची.

ऑक्टोबरमध्ये भावाकडे छाटणी सुरू झाली. वडील तिकडे राहून आले. छाटणीच्या वेळी वेलींच्या बुंध्याशी चर घेऊन शेणखत आणि पेंड घालतात; बागाईतदार त्याला बेसल डोस म्हणतात. ते परतले त्या दिवशी दुपारी मी घरी आलो, तर गुलाबांभोवती तसेच चर होते. कुत्रीचं नाक मातीने माखलं होतं. वडील खुर्चीत बसून तिच्याकडे कौतुकाने पाहत होते.

"लय आवडली तिला पेंड. दोनदा उकरून खाल्ली."

कसली पेंड, विचारलं. एरंडीची, म्हणाले. एरंडीचं तेल निघतं, पण तिचं विष पेंडीत राहू शकतं. घरात झाडांची चौकशी झाली होती, खताची नाही. आणि वडिलांच्या लेखी पेंड म्हणजे अन्नच.

डॉक्टरांनी तिला उलटी करवली, सलाईन लावलं. यावर उतारा नाही, पुढचे दोन-तीन दिवस काढले तर बघू, असं सांगितलं. पेंडीची पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या वडिलांनी विचारलं, "वाचंल ना?" डॉक्टर सलाईनची नळी तपासायला वळले.

तिला दवाखान्यात ठेवून घरी परतल्यावर वडिलांनी गुलाब उपटले आणि माती हाताने उपसून पोत्यात भरली. मी खोरं घेऊन गेलो. "राहू दे," म्हणाले. "मी घातलंय, मीच काढतो." दुसऱ्या दिवशी कुत्रीला रक्ताचे जुलाब झाले. डॉक्टरांचा फोन आला की तो घ्यायला कुणाचा हात चटकन पुढे होत नव्हता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने वडिलांच्या हातून थोडा दहीभात खाल्ला. ते तोंड धुवायला बाहेर गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

कुत्री वाचली. गुलाबांची जागा अजून मोकळी आहे. शेतावरून आले की वडील फाटकाबाहेरच थांबतात, चपला झटकतात आणि मला हाक मारतात. मग पिशवीतली एकेक वस्तू काढून दाखवतात. द्राक्षांची पेटी सर्वांत शेवटी निघते.

"ही फ्रीजमधी वर ठेव," ते म्हणतात, आणि ती आत जाईपर्यंत फाटक उघडत नाहीत.