दोन माइकचा माणूस

इतरांच्या घरी कपाटाच्या वरच्या फळीवर जादा पांघरुणं असतात. या घरात तिथे दोन माइक राहत आणि पांघरुणं पलंगाखाली. माइकना धूळ चालत नाही. माणसांना चालते.

माइकचा मालक रेकॉर्डिस्ट. तीस वर्षं एकाच स्टुडिओत काढलेली. मग तिथे नवे साहेब आले. त्यांनी नुसत्या ड्रम्सनाच आठ माइक लावले आणि प्रत्येक वादकाला वेगळ्या खोलीत कोंडलं. "चौघं एकत्र वाजवतात, ते एकत्रच घ्यायचं. दोन कान, दोन माइक," असं रेकॉर्डिस्टनं त्यांना ऐकवलं. साहेबांनी त्याला दोन्ही माइकसकट घरी पाठवलं. तेव्हापासून हे तत्त्वज्ञान ऐकायला बायको तेवढी उरली होती.

ती बैठकीच्या खोलीत मुलांना पियानो शिकवायची. एक दिवस तिनं बजावलं, "वर्ष संपेपर्यंत काम मिळालं नाही तर माइक विका. मला फळी हवीय." त्यानं मान डोलावली.

वर्ष सरायला तीन आठवडे उरले असताना एक जाझवाली चौकडी मिळाली. पियानो, ड्रम्स, सॅक्सोफोन आणि वाजवणाऱ्यापेक्षा उंच, जाड तारांचा डबल बास. रेकॉर्डिंग याच घरात, कारण पियानो फुकट. "आवडलं तर पुढची तीन रेकॉर्डिंगही तुमचीच," म्होरक्या सॅक्सोफोनवाला म्हणाला.

रेकॉर्डिंगच्या दिवशी सकाळी दहाला रेकॉर्डिस्टनं फ्रिज बंद केला. त्याची घरघर माइकमध्ये येते. मग स्कूटरची किल्ली फ्रिजमध्ये ठेवली. ही त्याची जुनी युक्ती. स्टुडिओबाहेर, दुसऱ्यांच्या घरी काम असलं, की निघताना किल्लीसाठी फ्रिज उघडावाच लागतो आणि तो चालू करायची आठवण होते. बायकोनं पाहिलं आणि चहाचं आधण ठेवलं.

खोलीच्या मधोमध एका स्टँडवर दोन्ही माइक, वीतभर अंतरावर. "माइक हलणार नाहीत," त्यानं जाहीर केलं. "माणसं हलतील."

माणसं हलली. सॅक्सोफोन बासला गिळून टाकत होता, म्हणून सॅक्सोफोनवाला दर खेपेला चार पावलं मागे गेला. बारा वाजता तो बाथरूमच्या दाराशी पोचला.

"अजून जरा मागे."

"मागे बाथरूम आहे, साहेब."

"दार उघडंच आहे की."

सॅक्सोफोनवाल्यानं वाद्य ठेवायला पेटी उघडली. आता तो निघणार, आणि त्याच्या मागोमाग माइकही विकायला.

बायको दुसरा चहा घेऊन आली. "त्यांना कशाला पिटाळताय? बासशेजारी उभं करा."

"सगळ्यात मोठा आवाज सगळ्यात हळू आवाजाशेजारी? तू आपली मुलांना शिकव."

"तिकडून त्यांना बास ऐकू येत नाही, म्हणून जीव खाऊन फुंकतायत. तुम्ही बाथरूममधून टॉवेल मागता ना, तसं. जवळ असलात की हळू बोलता. कधीकधी."

बासवाला पहिल्यांदा हसला. मग सॅक्सोफोनवाला पेटी मिटून त्याच्याशेजारी जाऊन उभा राहिला. दोन मिनिटांत सॅक्सोफोन खाली उतरला आणि बास वर आला. तारेवरून सरकणारं बोटसुद्धा हेडफोनमध्ये कळू लागलं. रेकॉर्डिस्टनं डोळे मिटले. हा चेहरा बायकोनं मुलगी झाली तेव्हा एकदा पाहिला होता. बाकी सगळ्या वेळा माइकसाठीच.

संध्याकाळी चौकडी खूष होऊन, पुढच्या तीन तारखा ठरवून गेली.

"बघितलंस?" माइक मऊ फडक्यात गुंडाळून फळीवर चढवत तो म्हणाला. "मी म्हणतच होतो. माणसं हलवायची."

"हो ना. किती वेळा म्हणालात."

सातला तिनं दुधासाठी फ्रिज उघडला. आत कोमट अंधार. दूध नासलेलं, लोणी वितळलेलं, आणि त्या लोण्यात स्कूटरची किल्ली. आज काम आपल्याच घरात. निघून जायचं कुठे होतं?

तिनं फ्रिज चालू केला, किल्ली पुसली आणि त्याच्या हातावर ठेवली.

"अहो, दूध घेऊन या. लोणीपण."

तो गेल्यावर ती स्टुलावर चढली. दोन्ही माइक तिनं फळीच्या कोपऱ्यात सरकवले आणि उरलेल्या जागेत पलंगाखालची पांघरुणं रचली.