गालानं लाकूड ओळखणारी

दारव्ह्याच्या एका संस्थेनं पुंडलिकराव सुतारांना शिकवायला बोलावलं, तेव्हा त्यांनी आधी साफ नाही म्हणून सांगितलं. चाळीस वर्षं त्यांनी बोरी अरबात आणि आजूबाजूच्या गावांत घरं उभी केली होती, पण ती हातांनी. तोंडानं ते कसं सांगायचं, याचा त्यांनी कधी विचारच केला नव्हता. "करवत चालवाले येते मले, भाषण द्याले नाई," असं म्हणून त्यांनी संस्थेच्या माणसाला चहा पाजून वाटेला लावलं. पण त्या वर्षांत कापसानं सगळ्यांना जेरीस आणलं होतं. कापूस बुडाला की नवी घरं थांबतात, आणि नवी घरं थांबली की सुताराला कोण विचारतो? शेवटी दोन महिने रिकामे बसून कंटाळलेले पुंडलिकराव दारव्ह्याला गेले आणि घरबांधणीचा सहा महिन्यांचा वर्ग घ्यायला तयार झाले.

वर्गात सोळा जण होते. पंधरा पुरुष आणि सोळावी कांताबाई.

कांताबाई बोरी अरबचीच, बौद्ध मोहल्ल्यातली. चाळिशी ओलांडलेली, अंगानं काटक, बोलायला तिखट. कापूस वेचण्यात तिचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. वेचणीची कामं निम्म्यावर आली, तेव्हा ती दोन वर्षं बांधकामावर रेजा म्हणून राबली. डोक्यावर घमेलं घेऊन शिडी चढायची आणि उतरायची, एवढंच बाईचं काम. मिस्तरी नेहमी पुरुष. पुंडलिकरावांनी पहिल्या दिवशी तिला विचारलं, "तुले कायले पाह्यजे बाई हे सुतारकाम?" तिनं सरळ सांगितलं, "रेजा बनून लय झालं गुर्जी. मले मिस्तरी व्हाचं हाये. लोकायनं मले मिस्तरी म्हणलं पाह्यजे."

पंधराही जण हसले. खोटं कशाला सांगा, पुंडलिकरावही मिशीतल्या मिशीत हसलेच.

पण बाई चिवट निघाली. पहिला महिना तिची करवत रेघ सोडून भलतीकडे पळायची. दुसऱ्या महिन्यात पळेनाशी झाली. ओळंबा तिनं पहिल्यांदा हातात धरला, तेव्हा दोरीला लोंबणारं ते पितळी वजन हलायचं थांबेपर्यंत ती श्वास रोखून उभी राहिली. मग म्हणाली, "अख्खी भिंत वाकडी असली तरी हा एवढुसा गोळा सरळच राह्यते? कमाल हाये." चाळीस वर्षं रोज ओळंबा सोडणाऱ्या पुंडलिकरावांना त्यात कमाल वगैरे कधी वाटली नव्हती. त्या दिवशी घरी जाताना मात्र ते त्या गोळ्याचाच विचार करत राहिले.

माघात परीक्षेचं लाकूड आलं. प्रत्येकानं एक चौकट आणि एक दरवाजा करायचा, फाल्गुनाच्या शेवटी संस्थेचे साहेब येऊन तपासणार, आणि मग ते दरवाजे बोरी अरबच्या बाहेरच्या तांड्यातल्या नव्या घरकुलांना लागणार, असं ठरलं होतं. सागवान कोणाला परवडतं? लाकूड साधं, आडजातच होतं, पण डेपोत जाऊन पुंडलिकरावांनी स्वतः निवडलेलं. त्यांनी बोटाच्या पेरानं प्रत्येक फळी ठोकली, कान लावून ऐकलं आणि वर्गासमोर छाती काढून सांगितलं, "टणटण वाजते. खडखडीत वाळेल हाये. लागा कामाले."

सगळे लागले. कांताबाईनं फळीवर रंधा मारला, चार हात मारून आतल्या थरापर्यंत गेली, रंध्यातून निघालेली पातळ साल उचलली आणि गालाला लावली. डोळे मिटून क्षणभर तशीच उभी राहिली.

"गुर्जी, हे वलं हाये."

"काय?"

"वरून वाळलं. पोटात वलं हाये."

पुंडलिकरावांचा पारा चढला. ज्यानं आयुष्य लाकडात घालवलं, त्याला ही काल आलेली बाई ओलं-कोरडं शिकवणार! "गालानं लाकूड समजते का तुले?" त्यांनी विचारलं.

कांताबाई जराही डगमगली नाही. "कापूस समजते गुर्जी. सकाळच्या दवात येचला का तो वरून कोरडा वाटते अन् आत वला राह्यते. व्यापाऱ्याचा माणूस गाठोड्यात हात घालते अन् फेकून देते. हाताले तं आमच्या बोंडानं घट्टे पडले, हाताले काई समजत नाई. म्हणून आमी गालाले लावतो. पंचवीस वर्सं लावलं."

कार्यशाळेत हशा पिकला. पुंडलिकरावांनी तो थांबवला नाही, आणि पुढे त्यांना याच गोष्टीची सगळ्यात जास्त लाज वाटली.

बाकीच्यांचे दरवाजे आकार घेऊ लागले. कांताबाईनं मात्र आपल्या फळ्या शेडच्या मागच्या सावलीत नेल्या, एकीवर एक रचल्या आणि दोन फळ्यांच्या मध्ये वारा खेळावा म्हणून पऱ्हाटीच्या, कापसाच्या वाळक्या झाडांच्या, काड्या ठेवल्या. वरून दगड. रोज सकाळ-संध्याकाळ ती फळ्या उलट्या-सुलट्या करायची. आठ दिवसांनी एकीवर रंधा मारायची, साल गालाला लावायची, नकारार्थी मान हलवायची आणि पुन्हा रचून ठेवायची. "लाकूड नाई, कापूसच वाळवून राह्यली हे," असं पोरं म्हणायची. पुंडलिकरावांनी दोनदा बजावलं, "तारीख थांबत नाई बाई. नापास होशीन." ती म्हणाली, "वल्या लाकडाचा दरवाजा मले करता येत नाई गुर्जी. माह्यं मनच घेत नाई."

साहेब आले. पंधरा चौकटींत पंधरा दरवाजे झुलत होते. साहेबांना तपासायची एक जुनी रीत माहीत होती: दरवाजा अर्धा उघडायचा आणि हात काढून घ्यायचा. बरोबर बसवलेला दरवाजा आपणहून ना पुढे जातो, ना मागे येतो. सोडला तिथं थांबतो. पंधराही थांबले. सोळाव्या जागी नुसती फळ्यांची रास होती. साहेबांनी कांताबाईच्या नावापुढे 'अनुत्तीर्ण' लिहिलं, आणि पुंडलिकरावांनी खाली सही केली. तिनं पदर खोचला, आपल्या फळ्या बैलगाडीत टाकल्या आणि गावी निघून गेली.

चैत्र सरला, वैशाख तापला. यवतमाळचा वैशाख काय असतो हे ज्यानं सोसलंय त्यालाच ठाऊक. एका दुपारी तांड्याचा देवसिंग राठोड पुंडलिकरावांच्या दारात येऊन उभा राहिला. "मिस्तरी, तुमच्या पोट्ट्यायनं बसवलेल्या दरवाज्यातून बकरी तोंड घालून राह्यली. येऊन पाहा एकडाव."

पुंडलिकराव गेले. एकेक घर पाहत गेले. फळ्या आकसल्या होत्या, मधल्या फटींत बोट जात होतं. चौकटींचे सांधे उघडले होते. एक दरवाजा पिळवटून असा काही अडकला होता की घरातली म्हातारी मागच्या बाजूनं ये-जा करत होती. दोष पोरांच्या हातात नव्हता, लाकडात होता. आणि लाकूड कोणी निवडलं होतं, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

पंधरावं घर पाहून ते घरी गेले नाहीत. तसेच उन्हात चालत कांताबाईच्या घरी पोचले.

तिच्या मातीच्या घराला नवा दरवाजा लागला होता. ती कुठं बाहेर गेली होती, दार नुसतं लोटलेलं होतं. पुंडलिकरावांनी ते अर्धं उघडलं आणि हात काढून घेतला. दरवाजा थांबला. पाव उघडून सोडला, तिथंही थांबला. मग ओढून घेतला आणि सांध्यांवरून नख फिरवलं. नख कुठं अडकेना. फळ्यांच्या मध्ये डोळा लावला, तर पलीकडचा उजेड दिसेना. असा दरवाजा त्यांनी स्वतः केला असता, तर आनंदानं आठ दिवस सगळ्यांना सांगत फिरले असते. ते तिथंच उंबऱ्यापाशी खाली बसले आणि दरवाजाकडे नुसते पाहत राहिले.

कांताबाई पाण्याची घागर घेऊन आली तेव्हाही ते तसेच बसलेले होते. तिनं त्यांना तांब्याभर पाणी दिलं. ते घटाघटा प्याले.

"म्या चुकलो बाई," ते म्हणाले. "म्या नुसतं ठोकून ऐकलं. तू समजून घेतलं." मग जरा संकोचून त्यांनी कोपऱ्यात पडलेली रंध्याची एक साल उचलली आणि आपल्या गालाला लावली. काहीच कळेना. खरखरीत दाढी आणि खरखरीत साल, एवढंच.

कांताबाईला हसू आवरेना. "एका दिवसात नाई येत गुर्जी ते."

संस्थेच्या कागदावरचं 'अनुत्तीर्ण' काही पुसलं गेलं नाही. वर्ग संपला, वही बंद झाली, साहेबांची बदली झाली. पुंडलिकरावांनी दोन खेपा घातल्या, पण कोणी दाद दिली नाही. तेव्हा त्यांनी देवसिंगाला निरोप धाडला: पंधराही दरवाजे चौकटीसकट नवे करून देतो, पण लाकूड कांताबाई पास करेल तेच लागेल, आणि ती म्हणेल तेव्हाच.

ती म्हणाली, थांबा. उरलेला वैशाख आणि ज्येष्ठ नव्या फळ्या पऱ्हाटीच्या काड्यांवर पडून राहिल्या, पावसाळाभर पुंडलिकरावांच्या शेडमध्ये झाकून राहिल्या. देवसिंगाला धीर धरवेना, तो रोज विचारायचा. कांताबाई साल गालाला लावून मान हलवायची. दिवाळी झाल्यावर एक दिवस तिनं मान हलवली नाही. म्हणाली, "झालं. आता करा."

पहिली चौकट देवसिंगाच्या घरची. तिचे सांधे कांताबाईनं कापले होते, पुंडलिकरावांनी फक्त दुसरं टोक धरलं होतं. चौकट उभी राहिली, ओळंबा सोडला, गोळा स्थिर झाला. त्या भागात रीत अशी, की चौकट उभी झाली की घरधनी सगळ्यांसमोर मिस्तरीच्या डोक्यावर टोपी ठेवतो आणि खांद्यावर दुपट्टा घालतो. त्याशिवाय कोणी आत पाऊल टाकत नाही. देवसिंग ताट घेऊन सवयीनं पुंडलिकरावांसमोर आला.

पुंडलिकराव दोन पावलं मागं सरले. "मले नोको. मिस्तरी तिकडं हाये."

देवसिंग घोटाळला. तांड्यातल्या बाया तोंडाला पदर लावून पाहू लागल्या. "बाईले टोपी कशी घालाची?" तो पुटपुटला.

भुश्यानं माखलेले हात लुगड्याला पुसत कांताबाई पुढे आली. "काहून? बाईले डोस्कं नसते का?"

तांडा हसला, देवसिंगही हसला आणि त्यानं पदरावरूनच टोपी ठेवली. पांढरीफेक, कडक. पुंडलिकरावांना अशा कितीतरी टोप्या मिळाल्या होत्या, पण ती घातलेला माणूस समोरून कसा दिसतो, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. ते डोळे भरून पाहत राहिले. मग हत्यारांची पिशवी उचलून ते तिच्याजवळ गेले आणि सगळ्या तांड्याला ऐकू जाईल असं विचारलं, "मिस्तरी, उद्या मी किती वाजता येऊ?"