लिफ्ट दाखवण्याचे दिवस

फ्लॅट घ्यायचा ठरला तेव्हा मी नेहमीप्रमाणे कागदावर दोन रकाने आखले. एका बाजूला सोयी, दुसऱ्या बाजूला गैरसोयी. गैरसोयींत लिहिलं होतं: खाली दुकानं, गोंगाट, पार्किंगची मारामारी. सोयींत पहिलंच होतं लिफ्ट. सासऱ्यांचे दोन्ही गुडघे गेले होते आणि जुन्या घराचे दोन जिने त्यांना चढवत नव्हते. त्या एका शब्दाने बाकी सगळं खोडलं गेलं.

प्लेगनंतरची ती वर्षं. सुरत झाडून-पुसून निघाली होती, रस्ते रुंद होत होते आणि जिथे-तिथे काचेची कॉम्प्लेक्स उभी राहत होती. आमचं त्यातलंच एक. तळमजला, पहिला आणि दुसरा मजला दुकानांचा, तिसऱ्यावर ऑफिसं, चौथ्या-पाचव्यावर राहती घरं. आम्ही पाचव्यावर. मिस्टर बँकेत, मी मराठी शाळेत. आमच्यासारख्या पगारदारांना असा पत्ता म्हणजे मोठीच मजल होती.

उद्घाटन झालं आणि माणसं जत्रेसारखी लोटली. खरेदीला नव्हे, बघायला. बारडोलीकडच्या बायका फरशीची चकाकी पाहून दारातच चपला काढायच्या आणि हातात घेऊन अनवाणी फिरायच्या. पुरुष काचेवर बोटं वाजवून बघायचे. कोणी म्हणे मुंबईलासुद्धा असं नाही, कोणी म्हणे यात चार पिढ्यांची शेतं गेली असतील. दुकानदार गल्ल्यावर बसून हे ऐकायचे आणि कंटाळायचे, कारण बघून झालं की सगळे बाहेरच्या गाडीवर लोचो खायला निघून जायचे.

या कौतुकाचा उरलेला भाग पाचव्या मजल्यावर यायचा. नंदुरबार, धुळे, अमळनेर, जिथे म्हणून आमचं माणूस होतं तिथून पाहुणे यायला लागले. सुरतेतच पर्वत पाटिया भागात कापडाच्या लूमवर कामाला असलेले गावाकडचे लोक रविवारी बायकापोरांना घेऊन यायचे. आपल्याकडे नवीन घर झालं की आल्या माणसाला चहाआधी घर दाखवायचं असतं. स्वयंपाकघर, मोरी, गॅलरी, पाण्याची टाकीसुद्धा. आमच्याकडे त्यात लिफ्टची भर पडली, आणि ती दाखवायचं काम सासऱ्यांनी स्वतःकडे घेतलं.

आयुष्यभर रेल्वेच्या पार्सल ऑफिसात बसलेला माणूस. निवृत्तीनंतर त्यांना विचारायला कोणी येत नव्हतं. आता ते इस्त्रीचा सदरा घालून तळमजल्यावर पाहुण्यांची वाट बघत उभे राहायचे.

"या या. जिन्याने नाही, इकडून. घाबरू नका, मी आहे ना."

एकदा गावाकडचे एक म्हातारे आत शिरले आणि लिफ्ट हलताच त्यांनी सासऱ्यांचा दंड धरला. "हाऊ ते उभा पाळणा शे, भाऊ! दोरी तुटनी म्हंजे?"

"दोरी नाही, लोखंडी तार आहे," सासरे ऐटीत म्हणाले. "पुन्हा एकदा बसायचं?"

आणि ते पुन्हा एकदा बसले. सगळे पुन्हा एकदा बसायचे. मलाही त्यात गैर वाटलं नाही. माणूस हसतोय, फिरतोय, जेवतोय, हेच मी बघत होते. रोज संध्याकाळी पाच वाजता ते लिफ्टने उतरून मागच्या देवळाच्या ओट्यावर जायचे. तिथे चार-पाच निवृत्त माणसं जमायची, दिवेलागणीपर्यंत गप्पा चालायच्या. लिफ्टचा फ्लॅट आम्ही खरं तर त्यांना असं खाली उतरता यावं म्हणूनच घेतला होता.

मग एक दिवस लिफ्टच्या दाराशी हिरव्या पाटीवर गुजरातीत लिहून आलं की सकाळी दहा ते रात्री नऊ लिफ्ट तिसऱ्या मजल्यापर्यंतच जाईल. त्या वेळात ती फक्त दुकानं-ऑफिसांत येणाऱ्यांसाठी, रहिवाशांनी त्याआधी किंवा त्यानंतरच वापरावी.

मी लिफ्टमनला विचारलं. तो बिचारा म्हणाला, "मालूम नहीं भाभीजी, कमिटी का ऑर्डर है." कमिटी म्हणजे पहिल्या मजल्यावरचे साड्यांचे शेठ आणि त्यांच्या मताला मान डोलावणारे दुकानदार. मी मीटिंग मागितली. वरच्या घरांपैकी निम्म्यांना कुलपं होती. दुकानदारांनीच ती साड्यांचे गठ्ठे ठेवायला घेतली होती. उरलेल्यांच्या दारोदार मी जाऊन आले. समोरचं बिऱ्हाड मराठी, सरकारी नोकरीतलं. तिथल्या वहिनी दार अर्धंच उघडून म्हणाल्या, "अहो, आपण पगारदार माणसं. या लोकांशी वैर कशाला? आम्हाला जिने चढायची सवय आहे."

मीटिंग शेठच्याच दुकानात, पांढऱ्या गादीवर. सासरे म्हणाले मी येणार. पाचव्या मजल्यावरून कठडा धरून उतरले, प्रत्येक वळणावर थांबत. गादीवर त्यांना बसता येईना म्हणून एका नोकराने स्टूल दिलं. सगळे खाली आणि ते एकटे वर, असं ते बसले.

मी मुद्दे लिहून नेले होते. पैसे सगळ्यांनी भरलेत, म्हातारी माणसं आहेत, दुपारी गर्दी नसते. शेठने सगळं ऐकलं, चहा मागवला आणि हसत म्हणाले, "बेन, तमारी वात साची. पण हुं एक वात पूछुं? काका पोते मेहमानोने लईने उपर-नीचे करे छे. मारो घराक नीचे ऊभो रहे छे. लिफ्ट छे के चकडोळ?"

गिऱ्हाईक खाली ताटकळतं आणि काका पाहुण्यांना जत्रेतल्या पाळण्यासारखं फिरवतात, यावर सगळं दुकान हसलं. आमचे वरचे शेजारीही हसले. मिस्टर कपात बघत बसले.

मी म्हटलं, "पाहुणे आता आणणार नाही. पण पाच वाजता एकदा खाली आणि सात वाजता एकदा वर, एवढं तरी..."

"तुमचे साठी उघाडू, तो पछी बीजा पण मागशे ना?" शेठचं म्हणणं, एकाला दिलं की दुसरेही मागणार.

मी पुढचा मुद्दा काढणार इतक्यात सासरे मराठीतच म्हणाले, "ते म्हणतात ते खरं आहे. मी न्यायचो लोकांना." आणि स्टुलावरून उठायला लागले. मी हात दिला. जिना चढायला आम्हाला इतका वेळ लागला की मधल्या मजल्यावरची दोन दुकानं तेवढ्यात बंद झाली.

मी हार मानणारी नव्हे. सकाळी साडेनऊला त्यांना खाली पाठवून पाहिलं. ओट्यावर त्या वेळी कोणी नसे, आणि परत वर यायचं तर रात्री नऊपर्यंत खालीच बसायचं. जिन्याच्या प्रत्येक वळणावर एक-एक प्लास्टिकचं स्टूल ठेवलं. त्यावर गिऱ्हाइकं बसली, मग दुकानदारांचे गठ्ठे बसले, मग दोन स्टुलं नाहीशीच झाली. ओट्यावरच्या मंडळींना वर बोलावलं. एकदा आली, धापा टाकत, आणि जाताना म्हणाली, आता तुम्हीच या खाली.

सासरे गॅलरीत बसायला लागले. तिथून देऊळ दिसत नसे, फक्त पार्किंग आणि आत शिरणारी माणसं.

शेवटी त्यांनीच सांगितलं, मी मुलीकडे जातो. नणंद बारडोलीला, जावई साखर कारखान्यात, तळमजल्याचं क्वार्टर. मी अडवलं नाही असं नाही, पण अडवून देणार काय होते? सकाळी साडेनऊला, परवानगीच्या वेळेत, ते लिफ्टने उतरले. लिफ्टमनने बॅग रिक्षापर्यंत नेली.

वर्ष पुरं व्हायच्या आत हिरवी पाटी निघाली. शेठने पाचव्या मजल्यावरचं एक घर आपल्या आईसाठी घेतलं होतं आणि आईचे गुडघे दुखत होते. मीटिंग वगैरे काही झाली नाही.

मी त्याच रविवारी बारडोलीला गेले. सासरे अंगणात खुर्ची टाकून बसले होते, शेजारी दोघे-तिघे. मी म्हटलं, "मामंजी, लिफ्ट दिवसभर सुरू झाली. चला घरी."

"कशी झाली?"

मी सांगितलं. त्यांनी आत हाक मारून माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला. मग म्हणाले, "उद्या त्या बाई गेल्या की पाटी पुन्हा येईल. इथं मी दार उघडलं की बाहेर असतो. तू चहा घे."

परत येऊन मी कामं उरकली. लोकरीची टोपी, दुसरा चष्मा, पाठ शेकायची पिशवी बारडोलीला पाठवली. त्यांच्या खोलीत शिकवणीचे बाक टाकले. शेवटचं काम आमच्या रेशनकार्डावरून त्यांचं नाव कमी करण्याचं होतं, त्यासाठी शाळेतून अर्धा दिवस रजा काढली. खिडकीतल्या कारकुनाने कार्डावरचा पत्ता वाचला आणि मान वर केली.

"तमे पेला नवा कॉम्प्लेक्समां रहो छो? त्यांथी नाम कमी करवानुं? लोको तो त्यां जवा माटे मरे छे, बेन!"

मी म्हटलं, "सही कुठे करायची तेवढं सांगा."